बगळ्याचा दम

सातारा, ७ जुलै

मामा,

काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. डिप्लोमाचा निकाल लागला. मेकॅनिकल, ९१.४ टक्के.
२. इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी ऑप्शन फॉर्म भरला. पहिली पसंती सांगलीचं कॉलेज. पप्पांनी सांगितली, मी टाइप केली.
३. पुण्याच्या एका डिझाइन कॉलेजची लेखी परीक्षा दिली होती. तीत पास झाले. पप्पांना हे निकालानंतर सांगितलं.
४. शनिवारी, ५ तारखेला, तिथे मुलाखत झाली. स्वतः केलेली एक वस्तू आणि तिचं ड्रॉइंग न्यायचं होतं. मी गेल्या वर्षीच्या गणपतीच्या हलत्या देखाव्यातला बगळा नेला.
५. बगळा चालला.
६. त्यांनी मागची फळी उघडायला सांगितली.
७. आत माझी दांडी नव्हती.

माझ्या ड्रॉइंगमध्ये मधली दांडी १२ मिलिमीटर जाडीची आहे आणि तिच्या टोकाला गोल भोक आहे. आतली दांडी ८ ची होती. भोक लांबट, २२ मिलिमीटर. पिन ८ ची. म्हणजे पिन त्या भोकात १४ मिलिमीटर नुसती रिकामी फिरते. ड्रॉइंग टेबलावर, बगळा टेबलावर, आणि दोन्ही जुळत नाहीत.

बगळ्याचं खोकं तुम्हीच बांधून मे महिन्यात पप्पांजवळ दिलं होतं. घरी मी बगळा दोनदा चालवला, उघडला नाही. ही माझी चूक. बगळा मध्येच थांबतो हे दिसत होतं, पण मोटर जुन्या ट्रकच्या वायपरची आहे, अडखळत असेल, असं मी धरून चालले होते.

मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी मधल्या बाईंनी विचारलं, ‘हा थांबतो कशामुळे?’ मी उत्तर दिलं. ते त्यांना पुरलं नाही. ८ ऑगस्टला पुन्हा बोलावलं आहे. बगळा, ड्रॉइंग आणि थांबण्याचं कारण घेऊन.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि फोनवर पाठवलेल्या चित्राला माप नसतं, म्हणून पत्र. दांडी कधी बदलली, का बदलली आणि भोक लांबट का, एवढं लिहा.

बाकी ठीक. दिवसातून सात-आठ वेळा ॲडमिशनची वेबसाइट उघडून बघते. काही बदललेलं नसतं. आई म्हणते, खुर्चीत नीट बस तरी. बसवत नाही.

प्रांजल


आष्टा, १२ जुलै

प्रांजल बाळा,

आशीर्वाद हायच, तो दर खेपेला लिवायला नको. टक्के ऐकून तुझ्या मामीनं गल्लीभर सांगितलं. वरचं पॉइंट चार बी सांगितलं, ते कुणाला समजलं न्हाई. तुझं पत्र म्हंजे पोलिसातला जबाब. एक, दोन, तीन. मला वाटलं खाली साक्षीदार म्हणून माझाच अंगठा लागतोय.

आता दांडीचं. गेल्या वर्षी मी तुला बगळा कागदावर काढून धाडला, तवा दांडीच्या टोकाला लिवलं हुतं, ‘इथं दम ठेव’. तू ठेवलास. आठची दांडी बाराची केलीस. मी बघितलं आन् गप बसलो. ड्रॉइंग इतकं देखणं हुतं की बोलवंना.

अगं, दम म्हंजे ताकद न्हाई. चढ चढून आल्यावर आपण खातो तो दम. तू कधी नदीकडंला बगळा नीट बघितलाईस का? पाय उचलतो आन् तसाच ऱ्हातो. आपल्याला वाटतं, इसरला. मग मान जाती. तो मधला टाइम म्हंजे बगळा. बाकी नुसता पत्रा आन् कापूस.

तुझी दांडी घातली तर तो शिलाई मशीनवाणी चालाय लागला. खाली-वर, खाली-वर. मंडळाची पोरं हसली. तू गणपती बसायच्या आदल्या दिवशी कॉलेजला म्हणून सातारला गेलीस, तवा मी तुझी दांडी काढली आन् आठची घातली. कानशीनं भोक लांब केलं. माप घेतलं न्हाई. बगळा चालवायचा, बघायचं, परत घासायचं. पाय लोंबू नये म्हणून जुन्या चपलंची पट्टी आतनं घासती ठेवली. ती बघितलीस का? बघितली नसणार. तू मापं बघतीस.

बनुबाई तुला आठवती का, फुलं विकणारी. रोज आरतीच्या आधी बगळ्याम्होरं उभी ऱ्हायची. तो थांबला की बाकीच्यांना म्हणायची, ‘गप ऱ्हावा, त्येनं मासा बघितलाय.’ आन् सगळी गप ऱ्हायची. देखाव्यातल्या तळ्यात मासा हुता का? आपण ठेवलाच नव्हता.

तुला तवाच का सांगितलं न्हाई, ते पुढच्या खेपेला लिवतो. आन् तू त्या बाईला उत्तर काय दिलंस ते लिवलंच न्हाईस. सात मुद्दे लिवलेस, आठवा खाल्लास.

यंदाच्या देखाव्याचं काम हायच.

तुझा मामा
नानासो


सातारा, १८ जुलै

मामा,

तुमचा गेल्या वर्षीचा कागद फाइलमध्ये सापडला. ‘इथं दम ठेव’ असंच आहे. शेजारी बाण आहे, आकडा नाही. मी त्याखाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘भार जास्त? १२ मिमी.’ म्हणजे मी तुम्हाला विचारलंही नाही, स्वतःच अर्थ लावला.

तुमच्या बगळ्याचं गणित मांडलं. मोटर मिनिटाला ४५ फेरे. सायकलच्या चक्रांच्या दोन जोड्या, प्रत्येक तीनास एक, म्हणजे मिनिटाला ५. क्रँक ४० मिलिमीटरचा. १४ मिलिमीटरचा रिकामा प्रवास धरला तर प्रत्येक टोकाला बगळा १.६५ सेकंद थांबतो. घड्याळ लावून मोजलं. बरोबर आलं. मग भोकात पत्र्याचा तुकडा घालून रिकामी जागा १० वर आणली. आता बगळा थांबतो, पण मासा पाहिल्यासारखा वाटत नाही. तुकडा काढला. कानशीने, माप न घेता, तुम्ही जिथे थांबलात तिथेच थांबायला हवं होतं. हे तुम्हाला कसं कळलं, ते मला मांडता येत नाही. तीन दिवस टेबलावर तेच चाललं आहे. चपलेची पट्टी पाहिली.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तुम्ही मला न सांगता दांडी बदललीत. मी वर्षभर लोकांना सांगत होते की तो बगळा माझ्या दांडीवर चालला. पोलिटेक्निकच्या प्रदर्शनात ते ड्रॉइंग लावलं, बक्षीस मिळालं. बक्षीस चुकीच्या दांडीला मिळालं आहे. तेव्हाच सांगितलं असतंत तर मला वाईट वाटलं असतं, एक दिवस. आता जे वाटतं आहे ते मोजलेलं नाही.

दुसरी बातमी. बुधवारी सीट जाहीर झाल्या. सांगली मिळालं. पहिल्याच पसंतीचं मिळालं की सीट आपोआप पक्की होते. पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. ९ ऑगस्टपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर सीट जाते. पप्पांनी पेढे वाटले. मी पुण्याचं नाव काढलं तर फौजेतल्या सवयीने म्हणाले, ‘पोस्टिंग आलं की बॅग उचलायची. पसंत-नापसंत पलटणीत विचारत नाहीत.’ मी म्हटलं, मी पलटणीत नाही. ते म्हणाले, ‘बगळा हलवायला चार वर्षं लागत्यात व्हय? तुझा मामा दहावी नापास हाय, तरी हलवतोय.’ आई हसली. मीही हसायला हवं होतं.

काल, गुरुवारी, एकटीच सांगलीला जाऊन कॉलेज पाहिलं. वर्कशॉप मोठं आहे. लेथ ओळीने, स्वच्छ. तिथल्या सरांना विचारलं, प्रॅक्टिकलच्या वेळेशिवाय इथे काम करता येतं का. म्हणाले, ‘कसलं काम?’ मी म्हटलं, पक्षी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुण्यात याच्या उलट होतं. तिथे पक्षी कसा वाटतो यावर अर्धा तास बोलले, पण दांडी कशाची हे एकट्या त्या बाईंनी विचारलं. पत्रा कापायला बाहेरच्या दुकानात देतात, असं तिथल्या एका मुलीने सांगितलं.

एसटीत बसून दोन रकाने केले. सांगलीच्या रकान्यात तीन कारणं झाली. एक, यंत्राचा पाया पक्का होईल. दोन, पप्पांशी वाद नाही. तीन, तुमची शेड. आष्टा तिथून वीस-बावीस किलोमीटर. आठवडाभर कॉलेज करायचं आणि शनिवार-रविवार शेडमध्ये देखाव्याचं काम. कॉलेज एक निवडायचं आणि शिकायचं दोन ठिकाणी. तिसरं कारण सर्वांत वजनदार आहे. ते नसतं तर मी सांगलीचा विचारही केला नसता.

परतताना गाडी आष्ट्याला दहा मिनिटं थांबली. मी उतरले नाही. मनात राग होता. स्टँडच्या भिंतीवरून तुमची शेड दिसते. कुलूप होतं. तुम्ही सामानासाठी इस्लामपूरला गेला असाल.

तर शनिवार-रविवारचं तुम्हाला चालेल का? गणपती २७ ऑगस्टला आहे. यंदा काय करायचं ठरलं आहे ते कळवा, म्हणजे मी आधी ड्रॉइंग सुरू करते. या वेळी शब्दाचा अर्थ विचारून घेईन.

मुलाखतीतलं उत्तर तुम्ही विचारलंत. तेही पुढच्या खेपेला.

प्रांजल


आष्टा, २४ जुलै

प्रांजल बाळा,

घरात कोरा कागद गावला न्हाई, म्हणून या कागदाच्या पाठीमागं लिवतोय. राग मानू नको.

तू रागावलीस ते बरं केलंस. तुझ्या आईवाणी गप बसली असतीस तर मला भ्या वाटलं असतं. मी चुकलो. पर कारण ऐक. त्या वक्ताला शेडमधी मंडळाची बारा-पंधरा पोरं हुती. इंद्रजित, आपला अध्यक्ष, तो म्हणत हुता, ‘नानासो, भाचीचं यंत्र शिकलेलं हाय, पर बगळा अडाणी झाला.’ तुझी दांडी त्येंच्याम्होरं काढली असती तर तू परत शेडची पायरी चढली नसतीस. माझ्याकडं शिकाय आलेली पोरं अशीच गेली. एकाची चूक मी चारचौघात दाखवली, तो दुसऱ्या दिवशी आलाच न्हाई. मला तू जायाला नको हुतीस. म्हणून गप बसलो. एवढंच.

१.६५ सेकंद म्हणतीस. मी इतकंच करतो. बगळा थांबला की आपण श्वास धरायचा. सोडावा वाटला की मान खाली गेली पायजे. लवकर गेली तर भोक अजून घासायचं. उशिरा गेली तर नवी दांडी. तुझ्या घड्याळात माझा श्वास आला, लय झालं.

गुरुवारी मी इस्लामपूरलाच गेलतो. तू बरोबर वळखलंस.

सांगलीला ये. शनवार-रविवार कशाला, कवा बी ये. शेड तुझीच हाय. मामी म्हणती, जेवणाची काळजी करू नको. यंदाचं काय करायचं ते अजून ठरायचं हाय, मंडळाची बैठक व्हायची हाय. ड्रॉइंगची घाई नको.

दाजींना म्हणावं, मामा दहावी नापास हाय ते खरं, पर दोन मार्कानं.

तुझा मामा
नानासो


सातारा, २९ जुलै

मामा,

तुमच्या पत्राची मागची बाजू मी वाचली.

ते मंडळाचं यंदाचं पत्रक आहे. ‘भव्य एलईडी पडदा व लेझर शो’ असं वर मोठ्या अक्षरांत, खाली कार्यक्रम, त्याखाली बैठक झाल्याची तारीख: ६ जुलै. हलत्या देखाव्याचा उल्लेख कुठेही नाही. १२ तारखेला तुम्ही मला लिहिलंत, ‘देखाव्याचं काम हायच.’ २४ तारखेला लिहिलंत, ‘बैठक व्हायची हाय.’ आणि इस्लामपूर हे मी सुचवलेलं कारण होतं. तुम्ही ते उचललंत.

काल आईला विचारलं. ती आधी भांडी घासत राहिली. मग म्हणाली, तुम्ही मे महिन्यातच शेड सोडलीत, तिथे आता पत्र्याची कपाटं विकणारा येणार आहे. म्हणजे बगळ्याचं खोकं तुम्ही जपून ठेवायला दिलं नव्हतं. शेड रिकामी करताना दिलं होतं. बाकीचं कुठे गेलं ते तिला माहीत नव्हतं. जुन्या देखाव्यांतला मोर, पाणी ओढणारी बाई, मान हलवणारा बैल. मीही जास्त विचारलं नाही.

तुम्हाला मी यायला नको होते असं नाही, हे कळतं. तुम्ही गेल्या वर्षी दांडी लपवली तशीच यंदा शेड लपवलीत, आणि कारण दोन्हीकडे एकच आहे. पण सांगलीच्या रकान्यातलं तिसरं कारण मला खोडावं लागलं. वजन त्याचंच होतं.

आता आठवा मुद्दा.

मुलाखतीत बाईंनी विचारलं, हा थांबतो कशामुळे. मी म्हणाले, ‘बनवताना चूक झाली आहे. गावाकडच्या एका कारागिराने भोक नीट पाडलं नाही.’ तुमचं नाव घेतलं नाही. मामा आहेत हेही सांगितलं नाही. बाईंनी ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘रचना: प्रांजल फडतरे. निर्मिती: प्रांजल फडतरे.’ त्या म्हणाल्या, ‘निर्मिती तुमची, मग चूक त्याची कशी?’ मी फळी परत बसवू लागले. मग त्या म्हणाल्या, ‘चूक असेल तर दुरुस्त करून आणा. नसेल तर कारण घेऊन या.’ दुसऱ्या भेटीचं कारण ते आहे. तुम्हाला मी फक्त अर्धं लिहिलं होतं.

तुम्ही माझी चूक बारा-पंधरा पोरांसमोर झाकलीत. मी तुमची नसलेली चूक तीन अनोळखी माणसांसमोर दाखवली. याला माप लावायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

त्यानंतर मी नवं ड्रॉइंग काढलं. पूर्ण मापाचं, एकास एक, सोबत जोडलं आहे. दांडी ८ ची, भोक २२, चपलेची पट्टीही दाखवली आहे. भोकाशी बाण काढून ‘दम’ असं लिहिलं आहे, आणि खाली तुमची श्वासाची पद्धत, तुमच्याच शब्दांत. वेळ कंसात लिहिली आहे, कारण ती नंतर आली. कोपऱ्यातली चौकट आता अशी: ‘रचना: नानासो खोत. निर्मिती: नानासो खोत. ड्रॉइंग: प्रांजल फडतरे.’ चौथं घर ‘तपासले’. ते रिकामं आहे. ते फक्त तुम्हीच भरू शकता.

पप्पांना सगळं सांगितलं. तुमचं दोन मार्कांचंही. ते बराच वेळ बगळ्याकडे बघत बसले. तीन-चार फेऱ्या झाल्यावर म्हणाले, ‘हा सावधानमधी उभा ऱ्हातोय.’ मग बंद करू नको म्हणाले. पुण्याला हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ८ तारखेची दोन तिकिटं मात्र त्यांनीच काढली.

माझा हिशेब असा आहे. ८ ला पुणे, निकाल त्याच संध्याकाळी. ९ हा सांगलीचा शेवटचा दिवस. पुण्यात घेतलं तर सांगली सोडते. पत्रा कापायचं मी बाहेरच्या दुकानात देणार नाही, तिथे एखादा कोपरा मागून घेईन. मिळेल की नाही ते माहीत नाही. नाही घेतलं तर ९ ला सांगलीत हजर होते, शेडशिवाय. पण तुमच्या सहीशिवाय मी ते ड्रॉइंग तिकडे नेणार नाही. जुनं तर नाहीच नाही. सही नसेल तर ८ चं तिकीट रद्द, आणि सरळ सांगली. तुम्ही रागावून सही केली नाहीत, तर ते बरोबरच असेल. त्यासाठी तुम्ही कारण लिहायला हवं असं नाही.

ड्रॉइंगच्या मागे कोरी जागा ठेवली आहे. तिथे तीन गोष्टी लिहा. शेडबद्दल खरं. बाकीच्या मोटरी आणि मोर-बैल कुठे आहेत ते. आणि दांडीचं माप कुठे चुकलं असेल तर ते.

‘तपासले’ या घरात सही करून किंवा न करता, ड्रॉइंग बुधवार, ६ ऑगस्टपर्यंत मला मिळेल असं परत पाठवा.

प्रांजल